राहिलेला डावा दात

४ जानेवारी

बाबा,

“मला फोन करायचा नाही. सही हवी ना, मग लिहून कळव, ऑफिसात कळवतात तसं,” असं म्हणून तुम्ही पाठ करून टेबलाशी बसलात, ते मी बॅग घेऊन निघाले तरी वळला नाहीत. म्हणून लिहिते आहे. ऑफिसात कळवतात तसं मला जमणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

अर्ज सोबत आहे. पालकाची सही दुसऱ्या पानावर, तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. पालकाची माहितीही तुम्हीच भरायची, माझ्या अक्षरातली चालत नाही. मुदत अठ्ठावीस तारखेची, दुपारी चारपर्यंत. त्यानंतर दातांची डॉक्टर होण्यावाचून मला सुटका नाही. (हा विनोद होता. हसू आलं नसेल तर सोडून द्या.)

त्या रविवारी आपण दोघंही ओरडत होतो, त्यामुळे कोणी काय ऐकलं देव जाणे. आता सावकाश सांगते. डॉक्टरकीचं तिसरं वर्ष सोडून मला याच कॉलेजात लॅबच्या कोर्सला जायचंय. दोन वर्षांचा आहे. कवळ्या, कॅपा, एका दाताच्या प्लेटी, म्हणजे तुम्ही तीस वर्षं करताय तेच. तुम्ही म्हणालात, “डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी वाचतो. तुला लिहिणाऱ्यांच्यात नेऊन बसवलं, तर तू परत वाचायला येतेस?” त्याचं उत्तर मला बसमध्ये सुचलं, पण तोवर उपयोग काय.

आमच्या कॉलेजात दवाखाना आणि लॅब यांच्यामधे एक भिंत आहे आणि भिंतीला एक छोटी खिडकी. इकडून आम्ही ट्रे सरकवायचा, त्यात पेशंटच्या जबड्याचा साचा आणि चिठ्ठी. तिकडून चार दिवसांनी काम परत येतं. बाकीची मुलं ट्रे ठेवून पळतात. मी तिथेच रेंगाळते. लॅबवाले काका एकदा म्हणाले, “अगं, डोकं माझ्याकडे आणि पाय त्यांच्याकडे, असं किती दिवस?” मग त्यांनी मला आत घेतलं. मेणातला पहिला दात कोरला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, “घरी कोण करतं?” मी म्हटलं, बाबा. ते म्हणाले, “तरीच.”

कॉलेजात कोणाला हे सांगितल्याची माझी पहिलीच वेळ. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात तुम्ही मला ‘स्वयंरोजगार’ लिहायला लावलं होतं, आठवतंय? तेच मी तीन वर्षं सांगत होते.

मला ते काम आवडतं, बाबा. कारण एवढंच. दुसरं काही नाही.

तुमची,
ठमी


९ जानेवारी

बाबा,

उत्तर नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, “वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग घडी घालून दातांच्या रंगांच्या पट्टीखाली ठेवलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं.” मी विचारलं, काही बोलले? “प्लास्टर लवकर घट्ट होतंय म्हणाले. थंडीत होत नाही कधी.” मग ती कुजबुजली, “ठमे, तू त्यांच्या वर्मावर बोट ठेवलंस गं.”

ठेवलं, कबूल. पण तुम्हीपण माझ्या वर्मावर बोट ठेवलंत ना! “तुझ्याने होत नाही म्हणून आवडत नाही म्हणतेस,” हे कोण म्हणालं? तेही त्या डॉक्टरसाहेबांसमोर, जे कवळी न्यायला आले होते आणि चपला न काढता दारात उभे राहून आपलं भांडण मजेत ऐकत होते. तुम्ही त्यांना बसा म्हणालात. मला नाही म्हणालात.

पुढच्या खोलीचं मला माहीत नाही असं समजू नका. मला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात तुम्ही टेबल उचलून मागच्या खोलीत नेलंत. पुढे मोठी खिडकी, रस्त्यावरून सरळ येता येतं, म्हणून तिथे ठमीच्या दवाखान्याची खुर्ची येणार. तीन वर्षं ती खोली झाडून पुसून रिकामी ठेवली आहे तुम्ही, आणि स्वतः दिव्याखाली डोळे फोडत रंग जुळवता. दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच बघावा, हे मला कोणी शिकवलं? मागच्या वेळी तुम्ही कवळी हातात घेऊन अंगणात गेलात आणि ऊन शोधत उभे राहिलात. मला तेव्हाच बोलायचं होतं. तुम्ही आत येऊन म्हणालात, “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात लोक. आपलं तर त्यावरच भरलं, ठमे. पण तुझं तसं नको.”

मला त्या खोलीची भीती वाटते. तिच्यात कोणी नाही, तरी ती माझी वाट बघत बसलेली असते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. पेशंटच्या तोंडात हात घातला की माझा हात थरथरतो. गेला महिनाभर. मेणावर थरथरत नाही. एवढंच सांगायचं होतं. आता तरी काही लिहा. शिव्या लिहिल्या तरी चालतील.

ठमी


१३ जानेवारी

बाबा,

आईने सांगितलं, तुम्ही म्हणालात, “महिनाभर? मग महिन्यापूर्वी काय झालं ते विचार तिला.”

तुमच्यापासून काही लपवायचं म्हणजे ससाणा पाळून त्याच्यासमोर उंदीर झाकायचा. सांगते. हे वाचून झाल्यावर आईला लगेच सांगू नका, तिला मीच सांगेन.

माझ्याकडे एक पेशंट होत्या. पोहायला शिकवतात. आम्ही मुली आपसात त्यांना शिट्टीबाई म्हणतो, कारण गळ्यात कायम शिट्टी असते, खुर्चीत झोपल्यावरसुद्धा. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांना दात सरळ करायला तारा लावायच्या होत्या आणि जागा करायला वरची डावी एक छोटी दाढ काढायची होती. सुळ्याच्या मागची. दात अगदी चांगला, ना कीड ना काही. फक्त जागेसाठी. आणि तो काढायचा मी.

आदल्या दिवशी मी त्यांचा साचा घेऊन लॅबमधे दीड तास बसले होते. गरज नव्हती. सुंदर साचा होता, बघत बसले. वरचा साचा टेबलावर उताणा, पुढचे दात माझ्याकडे. तुम्ही ठेवता तसा. मी चार वर्षांची असल्यापासून तुमच्या शेजारच्या स्टुलावरून तसाच बघत आले. तसा ठेवला की पेशंटचं डावं ते आपलं डावं. आणि खुर्चीतला माणूस समोर असतो, त्याचं डावं ते आपलं उजवं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मला तर पाठ होतं. पण बाबा, पाठ असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. माझ्या हातात तुमचं टेबल होतं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी कागद तपासला, “डावी” म्हणाल्या, शेजारच्या खुर्चीकडे गेल्या. मी भूल दिली. पकड लावली. दात छान निघाला, मूळ सुद्धा न तुटता. मनात म्हटलं, बाबांना सांगायला हवं. तो ट्रेमधे ठेवला, बाजूला साचा होता, आणि तेव्हा कळलं की मी उजवा काढलाय.

मी काही बोलले नाही. हे खरं सांगायचं होतं. चूक झाली ती झाली, पण मी बोलले नाही. दातखीळ बसली माझी. मी कापूस दाबून धरायला सांगितला, गरम काही पिऊ नका म्हटलं, हसले. गाल बधिर, त्यांना काय कळणार? त्या थँक्यू म्हणून निघून गेल्या. मला थँक्यू म्हणाल्या हो!

मी मॅडमकडे गेले नाही. खिडकीशी गेले. काकांना सांगितलं. काका माझ्यावर असे ओरडले की दोन खुर्च्यांवरचे पेशंट उठून बसले. “मला काय सांगतेस? ती बाई जिना उतरतेय, जा!” मी पळाले. फाटकाशी गाठलं त्यांना. सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी गालाला हात लावला, मग दुसऱ्या गालाला लावला, आणि म्हणाल्या, “म्हणजे अजून एक काढावा लागेल?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी शिट्टी उजवीकडे धरते.” एवढंच बोलल्या. त्यानंतर आम्ही दोघी मॅडमकडे गेलो.

चौकशी झाली, लेखी माफी झाली. मला दोन आठवडे दवाखान्यात बंदी होती. तारांच्या डॉक्टरांनी ठरवलं की डावा काढायचा तो काढायचाच आणि उजवीकडच्या जागेचं पुढे बघू, तोवर तिथे एका नकली दाताची छोटी प्लेट. मग त्या रविवारी मी घरी आले, आणि आल्या आल्या म्हटलं, मला डॉक्टर व्हायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बघ, मी बोललो तेच खरं निघालं. मला ते काम आवडतं हे खोटं नाही. पण मी या चुकीपासून पळतेय का, हे मला खरंच कळत नाही. दिवसातून दहा वेळा उत्तर बदलतं. सकाळी वाटतं, आवडतं म्हणून जातेय. दुपारी दवाखान्याच्या दारात पाय अडतो आणि वाटतं, कसलं आवडणं आणि कसलं काय, घाबरट आहेस तू. तुम्हाला विचारावं तर तुम्ही बोलत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

तुमची,
ठमी


२० जानेवारी

बाबा,

पाकीट मिळालं. आधी वाटलं आईनेच पाठवलं, मग मागे गुलाबी मेणाचा थेंब दिसला. आपल्या घरच्या मेणाचा वास घेतला आणि हॉस्टेलच्या जिन्यातच बसून रडले. आतल्या दुसऱ्या पाकिटालाही मेण लावलंय तुम्ही, ते मी उघडलेलं नाही. वरची चिठ्ठी तेवढी वाचली. तुमचीच कामाची चिठ्ठी, डॉक्टर तुम्हाला पाठवतात तशी, पण रकाने तुमच्या अक्षरात भरलेले. आजवर तुम्ही अशी कोणाला लिहिली नव्हती ना?

मी ती इथे उतरवते, म्हणजे तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाही दिसेल:

“पेशंट: ठमी. काम: राहिलेला डावा दात. तोच पेशंट, तोच हात. रंग: लागू नाही. सूचना: पळत येणाऱ्याला माझ्या टेबलाशी जागा नाही. चालत येणाऱ्याला आहे. आतलं पाकीट दात निघाल्यावर उघडणे. आधी उघडलंस तर मला कळेल.”

कसं कळेल हो? पण कळेल, हे मलाही माहीत आहे.

खरं सांगू? वाचून आधी संताप आला. तुम्हाला काय जातंय तिकडे बसून लिहायला! ती बाई मला परत हात लावू देईल? मी तिला कोणत्या तोंडाने विचारू? तरी आज फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “तू? परत? वेड लागलंय का तुला?” बरोबर आहे त्यांचं. मीही हेच म्हटलं असतं.

पण हे त्याच्या आधीचं ऐका. त्यांची उजवीकडची प्लेट मी केली आहे. काका शेजारी बसून होते, पण हात माझे. त्यांच्याकडे मी हसतानाचा जुना फोटो मागितला, तुम्ही डॉक्टरांमार्फत मागता आणि डॉक्टर कटकट करतात, तसा. त्यांनी मोबाइलमधला एक दिला. पाण्याच्या काठावर उभ्या, ओल्या, खो खो हसताहेत. त्यात दिसतं, तो दात जरासा आत वळलेला होता. साचा बघून मला कळलंच नव्हतं एवढं. मी तो तसाच वळवून बसवला. काका म्हणाले, “सरळ बसव ना, तारा लावून सगळे सरळच करायचेत.” मी म्हटलं, तारा लावेपर्यंत तरी त्यांचा त्यांना परत मिळू दे.

उद्या त्या प्लेट न्यायला येणार आहेत. पुन्हा विचारायची हिंमत नाही माझ्यात. आठ दिवस उरलेत.

ठमी


२७ जानेवारी

बाबा,

आधी काम सांगते, मग बाकीचं.

शिट्टीबाई आल्या. प्लेट बसवली. त्यांनी आरसा घेतला, ओठ वर केला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. “वाकडा केलास?” मी म्हटलं, “तुमचा होता तसाच आहे.” त्यांनी गळ्यातली शिट्टी उजवीकडे दातात धरली आणि वाजवली. सबंध दवाखाना थांबला. मॅडम धावत आल्या. शिट्टीबाई शांतपणे म्हणाल्या, “धरते.” मग माझ्याकडे बघून, “दुसरा कधी काढायचा?”

मी म्हटलं, सीनियर डॉक्टर काढतील.

“मी तुला विचारलं.”

मी ट्रे आवरायला लागले. त्या म्हणाल्या, “हे बघ, मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. मला राग आहे आणि तो राहणार. पण रोज नवे हात तोंडात घालून घ्यायला मला वेळ नाही. आणि माझ्याकडे पाण्याला घाबरलेलं माणूस आलं की त्याला मी काठावर टॉवेल देऊन बसवत नाही. बसवलं की ते पुन्हा कधीच उतरत नाही.” मॅडमनी लेखी संमती घेतली आणि सांगितलं की त्या पूर्ण वेळ माझ्या खांद्याशी उभ्या राहतील.

परवा सकाळी होतं. मी म्हटलं, तुमच्या गालावर पेनाने खूण करू का? त्या म्हणाल्या, “खुणा नकोत. तुझ्या खुणा मी बघितल्यात.” आणि त्यांनी स्वतःचं बोट त्या दातावर ठेवलं. “हा.” कागद बघून मी म्हटलं, हा. मॅडम म्हणाल्या, हा. भूल देऊन होईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही, मला त्यांच्या बोटाच्या बाजूने सुई न्यावी लागली.

हात थरथरला नाही, बाबा. मी वाट बघत होते थरथरायची. पकड लावली, सावकाश हलवला, जागा सोडली त्याने. डावा दात. ट्रेमधे ठेवला, साच्याशेजारी ठेवून बघितला, मग मॅडमनी बघितला, मग शिट्टीबाईंनी ट्रे मागून घेतला आणि त्यांनीही बघितला. तोंडात कापूस असल्यामुळे बोलता येईना, तर अंगठा वर केला आणि लगेच खाली घेतला, जणू चुकून झालं.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. म्हणाल्या, “चला, आता तो अर्जाचा वेडेपणा संपला. तुझा हात चांगला आहे गं. भीती होती, ती गेली.” सगळ्यांना असंच वाटलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं होतं, दात नीट निघाला तर कदाचित मी थांबेन.

मी म्हटलं, “मॅडम, जमतं हे कळलं. म्हणूनच आता जाता येईल.” मला जास्त समजावता आलं नाही. पण तुम्हाला समजेल. तो दात काढला तेव्हा मला हायसं वाटलं, पण आनंद झाला नाही. आनंद त्या आत वळलेल्या दाताचा झाला होता. शिट्टी वाजली तेव्हा. त्या बाईने मला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, आणि तिच्या तोंडात माझ्यामुळे एक जागा कायमची रिकामी झाली आहे, ती मी मेणाने बुजवली म्हणून बुजत नाही. हे मी कुठल्याही टेबलाशी बसले तरी बरोबर येणार. ते घेऊनच येते आहे. पळत नाही.

मग पाकीट उघडलं.

सही केलेला अर्ज आत असेल अशी आशा होती, आणि तो निघालाही. पण बाबा, सहीखालची तारीख आठ जानेवारी! म्हणजे माझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी? आणि मी नऊ तारखेला तुम्हाला वाट्टेल ते लिहीत होते, आणि तुम्ही ते वाचूनही गप्प! दुष्ट आहात तुम्ही. आईला माहीत होतं का? तिलाही विचारणार आहे.

आणि सहीच्या वर तो रकाना. ‘पालकाचा व्यवसाय’. आधी एक शब्द लिहून खोडलाय, ‘स्वयं’ एवढं वाचता येतं. पुढे तुमच्या बारीक अक्षरात, चिठ्ठीच्या रकान्यात लिहितात तसं: ‘दात घडवतो.’

मी ते ऑफिसातल्या बाईंना दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, त्यांनी शिक्का मारला. अर्ज आज अकरा वाजता दिला. पोच सोबत जोडली आहे.

मी रविवारी येते. तोवर टेबल पुढच्या खोलीत न्यायला घेऊ नका, एकट्याने उचलाल आणि कंबर धरून बसाल. मी आले की दोघं मिळून नेऊ. खिडकीपाशी ठेवू. स्टूलही आणायचं आहे.

ठमी